आधी गादी, मग घर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

सकाळी उठल्या उठल्या सलग शिंका, नाक चोंदलेलं आणि दुपारपर्यंत बरंचसं मोकळं, असं तू लिहिलंस. तपासणीत घरधुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची, अ‍ॅलर्जी निघालीच आहे, तर आता झाडू घेऊन सगळ्या घरामागे लागू नकोस. रात्रीचे सात-आठ तास नाक जिथे टेकलेलं असतं, तिथून सुरुवात कर.

माइट चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कोंड्यावर ते जगतात. पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून घेतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, आणि माइट मेले तरी विष्ठा गादीत तशीच राहते. म्हणून मारणं आणि काढून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

चादरी, अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धू. गार पाण्यात प्रथिनं बरीचशी निघून जातात, पण माइट जिवंत राहतात. मशीन ठासून भरू नकोस, आणि वीजबचतीचा प्रोग्रॅम लावू नकोस. त्यात पाणी लिहिलेल्या तापमानापर्यंत पोचतंच असं नाही. गरम पाणी न सोसणारी लोकरी शाल किंवा कापडी खेळणी पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेव आणि मग धू. नुसती गोठवून परत वापरलीस तर उपयोग अर्धाच.

गादी धुता येत नाही, म्हणून तिला खोळ हवी. वरून पसरायची नव्हे, सहाही बाजू झाकणारी, चेनची. कापड दाट विणीचं, छिद्रं १० मायक्रॉनहून लहान (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ६ च्या आसपास मिळाली तर फारच छान. साध्या प्लास्टिकखाली घाम साचतो आणि झोप लागत नाही, ते नको. उशांनाही तशाच खोळी घाल. शेजारी दुसरी गादी असेल तर तीही झाक, नाहीतर केलेली मेहनत निम्मी वाया.

उठल्याबरोबर अंथरूण झाकू नकोस. रात्रीची ओल आधी उडून जाऊ दे. खोलीत कपडे वाळवू नकोस. एक आर्द्रतामापक घे आणि आकडा ५० टक्क्यांखाली ठेव. बाहेरच दमट असेल तेव्हा खिडकी उघडून उलट ओल आत येते. अशा वेळी एसी किंवा हवा कोरडी करणारं यंत्र लागतं.

कोरडं झटकणं बंद, ओल्या फडक्याने पूस. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी, हवा. ते काम दुसऱ्याने केलं तर उत्तम, आणि नंतर अर्धा तास तू खोलीबाहेर राहा. उडालेले कण तेवढ्यात खाली बसतात. ते जड असल्यामुळे हवेत फार टिकत नाहीत, म्हणूनच एअर प्युरिफायरवर पैसे घालण्याआधी खोळी घे. झोपायच्या खोलीतला गालिचा मात्र काढूनच टाक.

फरक दिसायला काही आठवडे लागतील. तोवर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे बंद करू नकोस, बाळा. आर्द्रतेचे सकाळ-संध्याकाळचे आकडे आठवडाभर लिहून मला कळव.

तुझी,
आई