म्हैसमाळहून आल्यावर

जिंतूर,
२८ जुलै

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात राहून पावसाळी भटकंतीच्या गप्पा मारू नयेत, असे तू राजमाचीहून परतल्यावर मला लिहिले होतेस. ते मनात धरूनच मी गेल्या रविवारी म्हैसमाळला जाऊन आलो.

खुलताबादेत भद्रा मारुतीच्या निजलेल्या मूर्तीचे दर्शन घेतले तेव्हा लख्ख ऊन होते; तेथून १२ किलोमीटर चढून वर पोहोचेपर्यंत गिरिजादेवीच्या देवळाचा कळस धुक्यात दिसेनासा झाला होता. तुझ्या घाटमाथ्यासारखा झोडपणारा पाऊस तेथे नाही, हे मी मान्य करतो. धबधबा पाहायचा तर खाली वेरूळला, २९ व्या लेण्यापाशीच जावे लागते. वर आहे तो लांबच लांब हिरवा माळ आणि अंगाला जेमतेम जाणवणारी भुरभुर.

मात्र एके ठिकाणी मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. दगडाच्या खापेतून करंगळीएवढी धार निघत होती आणि गवताच्या मुळांतून वाट काढीत, तेरड्याच्या एका कोवळ्या रोपाला वळसा घालून उताराला लागत होती. गिरिजा नदीचा उगम याच डोंगरातला. गिरिजा पूर्णेला मिळते आणि पूर्णा, वाटेत बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणात अडून, उरलेल्या पाण्यानिशी आपल्या येलदरीत येते. येलदरी किती टक्के भरले, हे आपण शाळेत असल्यापासून वर्तमानपत्रात वाचत आलो, पण ते पाणी निघते कोठून, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले होते का? त्यानंतर मला देखावा म्हणून काही पाहताच येईना. ढग दाटला की वाटे, इथेच रिता हो बाबा. (घरी सोयाबीनने माना टाकल्या होत्या, हेही त्याचे कारण असेल.)

कणसे भाजणाऱ्या बाईंनी गाव विचारले. जिंतूर म्हणताच निखाऱ्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “तिकडं पडला का?” मी नाही म्हटले, तेव्हा त्यांनी कणसाला लिंबू जरा जास्तच चोळले.

पोळ्याला गावी येशील तेव्हा दोघे मिळून जाऊ; तोवर तेरडाही फुललेला असेल. जुने बूट तेवढे घालू नकोस, माझ्या डाव्या बुटाचा तळ त्या माळावरच राहिला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर