संपादक बदलले, तर वाचकाला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी तुमच्या दैनिकाबरोबर आणखी एक मराठी पेपर येतो. गेल्या आठवड्यात त्याच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, संपादकांचं नाव बदललेलं दिसलं. मी 22 वर्षं मुद्रितशोधक म्हणून, म्हणजे छापण्याआधी पानातल्या चुका शोधायची, नोकरी केली, त्यामुळे पेपर उलटा धरून आधी प्रिंट लाइन, म्हणजे संपादक-प्रकाशकांच्या नावांची ती तळाची ओळ, वाचायची सवय अजून गेलेली नाही. जुनं नाव तिथं कितीतरी वर्षं होतं. त्यांच्या अग्रलेखांवर आमच्या घरात वाद झालेत, कात्रणं कपाटात आहेत. अग्रलेखाच्या पानावर निरोपाचे चार शब्द असतील म्हणून तीन दिवस शोधले. एक ओळही नव्हती.

शाळेतले मुख्याध्यापक निवृत्त झाले तर मुलं हार घालतात. पोस्टमन बदलला तरी नवा माणूस दारात उभा राहून नाव सांगतो. ज्यांच्या शब्दांनी आमचा दिवस सुरू होतो, ते कधी आले आणि कधी गेले, हे आम्हाला बारीक टायपातून शोधावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्या ओळीतल्या नावाचं वजन मी जवळून पाहिलंय. प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापायचं, हे 1867च्या कायद्यात 1922च्या दुरुस्तीनं आलं. तो कायदा दीडशेहून अधिक वर्षं चालला, 2024 मध्ये त्याच्या जागी नवा आला. बदनामीचा दावा झाला की बातमी कुणी का लिहिलेली असेना, कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदा संपादकाचं नाव येतं.

मी मुंबईच्या एका दैनिकात रात्रपाळीला होते. एका पावसाळ्यात आमच्याकडून मोठी चूक झाली. अपघाताच्या बातमीत दोन भावांचे फोटो होते, एक गेलेला, एक जखमी. फोटोखालची नावं उलटी लागली. जिवंत माणूस पेपरात मेला. त्या पानाच्या प्रूफवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापावर, बरोबरची खूण माझी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांनी प्रूफ मागवून घेतलं. मी समोर उभी, हात थरथरत होते. त्यांनी खूण पाहिली, प्रूफ घडी करून खणात ठेवलं आणि स्वतः दिलगिरीचा मजकूर लिहायला घेतला. पहिल्या पानावर, चौकटीत, स्वतःच्या नावानं. संध्याकाळी ते कळव्याला त्या कुटुंबाच्या घरी जाऊन आले. मला एवढंच म्हणाले, "बाई, खाली नाव माझं छापलंय. आता जा, डाक आवृत्तीची पानं आली असतील." त्या खुणेविषयी ऑफिसात कुणाला कधी कळलं नाही.

याच गृहस्थांची हिरवी शाई रोज रात्री पानांवर फिरायची. 'चोर पकडला' या मथळ्यातला 'चोर' खोडून 'चोरीच्या संशयावरून एकाला अटक' असं ते करायचे. मथळा दोन ओळींत जायचा, पान लावणारा वैतागायचा, ते ऐकायचे नाहीत. अत्याचाराच्या बातमीत बाईच्या गल्लीचं नाव राहिलंय का, हे शेवटी एकदा बघायचेच. छापखाना तेव्हा तळमजल्यावर होता. शंका आली की ते जिन्यावरून खाली जाऊन मशीन थांबवायचे. आता मुंबईचे काही पेपर नवी मुंबईत, महाप्याच्या वसाहतीत छापले जातात आणि पानं तारेवरून जातात. संपादकाच्या हाताशी तो जिना राहिला नाही, त्याचं काम त्यामुळे अधिक अवघड झालं असं मला वाटतं.

हा माणूस एका रात्रीत तिथं पोचलेला नसतो. उपसंपादक, मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक, सहसंपादक अशा पायऱ्या चढता चढता केस पांढरे होतात. गोविंद तळवलकर डोंबिवलीचे, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातले. आधी 'लोकसत्ता'त काम करून 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये आले, 1968 मध्ये संपादक झाले आणि 1996 पर्यंत होते. त्यांच्या अग्रलेखांशी भांडत भांडत एक पिढी वाचायला शिकली.

जुन्या काळी वाचकाला संपादकाचं सगळं ठाऊक असायचं. 'केसरी' आणि 'मराठा'त कोल्हापूरच्या दिवाणांवर आलेल्या मजकुरावरून 1882 मध्ये आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले, ते लोकांच्या डोळ्यांसमोर. पुढे मतभेद झाले, आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला, तेही वाचकांच्या देखत. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांचं पाक्षिक 'मूकनायक' निघालं तेव्हा ते सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव लागलं. भटकर आज कितीजणांना आठवतात? नाव लावणं म्हणजे काय जोखीम होती, याचा विचार करताना मला नेहमी तेच आठवतात.

ठाण्याचं तर विचारूच नका. 'अरुणोदय' इथं 1866 मध्ये निघाला, काशिनाथ विष्णु फडक्यांनी काढला, 'केसरी'च्या 15 वर्षं आधी. नंतरच्या काळात किती साप्ताहिकं इथून निघाली आणि बंद पडली! त्यांचे संपादक स्वतः बातमी लिहायचे, छपाईचे खिळे जुळवायचे, वर्गणी गोळा करायला सायकलवर हिंडायचे. एकांना मी लहानपणी जांभळी नाक्यावर पाहिलंय, कॅरिअरला अंकांचा गठ्ठा, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. त्यांच्याविषयी कुठं काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

माझ्या दोन विनंत्या आहेत. तुमच्या दैनिकात संपादक बदलतील तेव्हा जाणाऱ्यांना त्याच पानावर वाचकांशी शेवटचं बोलू द्या आणि येणाऱ्यांची ओळख करून द्या, कुठून आले, आधी काय काम केलं. दुसरं, तुमच्या ठाणे पुरवणीत आपल्या भागातल्या जुन्या संपादकांवर दर आठवड्याला एक मजकूर येऊ दे. त्यांची मुलं-नातवंडं इथंच नौपाड्यात, चरईत, वाशी-नेरुळला राहतात. त्यांना विचारलं तर माहिती मिळेल, पण ती पिढीही आता सत्तरी ओलांडते आहे. 1893 चं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या ठाण्यातच आहे, तिथं जाऊन जुने अंक चाळायला मी आनंदानं येईन. डोळे अजून चांगले आहेत.

आमच्या संपादकांनी निवृत्तीच्या दिवशी ते घडी केलेलं प्रूफ खणातून काढून मला परत दिलं होतं. ते माझ्याकडे आहे. हवं असेल तर आणून दाखवेन.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
चरई, ठाणे (पश्चिम)