सहीचा माणूस

डिचोली,
रविवार, दुपार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

चवथीला चार दिवस आलीस आणि पुण्याच्या कदंबात चढता चढता एक वाक्य टाकून गेलीस: "बाबा, राष्ट्रपती म्हणजे पुढ्यात येईल त्या कागदावर सही करणारा माणूस." मी तोंड उघडेपर्यंत बस सुटली. फोनवर वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहितो. कलमं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, कायद्याचं दुसरं वर्ष आहे तुझं. पण सही हा विषय माझा. चौतीस वर्षं सचिवालयात मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठीच कागद तयार केले.

पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात सचिवालय होतं तेव्हा आमच्या खात्यात एक अवर सचिव होते. मंत्र्यांनी ठरवलेलं मोडायचा अधिकार त्यांना नव्हता, पण आदेश निघायचा तो त्यांच्या सहीने, 'राज्यपालांच्या आदेशाने आणि नावाने' असं वर लिहून. एखादी गोष्ट पटली नाही की ते समासात दोनच शब्द लिहायचे, 'प्लीज डिस्कस', आणि फाईल परत वर धाडायचे. बहुतेक फायली चार दिवसांनी तशाच खाली यायच्या आणि साहेब मुकाट्याने सही करायचे. काही फायली मात्र परत आल्याच नाहीत.

तुझ्या पुस्तकातलं कलम ७४ म्हणजे हेच. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणं सक्तीचं केलं. मग १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक फट ठेवली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मात्र मानावाच लागतो. विधेयकाचंही तसंच, कलम १११. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींच्या नावे जातो, पण तिथेही सल्ला सरकारचाच. स्वतःच्या मनाने करायचं म्हणशील तर लोकसभा त्रिशंकू आली की पहिल्यांदा कोणाला बोलवायचं, एवढंच ठळक काम उरतं.

आता तू म्हणशील, एकदाच परत पाठवता येतं, त्याने काय होतं? न पाठवल्याने काय होतं ते बघ. २५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणीच्या घोषणेवर फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली ती पंतप्रधानांच्या शिफारशीवर. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. राजकारण बाजूला ठेवून मी याकडे नुसत्या कारकुनाच्या नजरेने बघतो: फायलीला मुख्य कागदच जोडलेला नव्हता! आमच्याकडचा कनिष्ठ लिपिकसुद्धा अशी फाईल पुढे सरकवत नाही. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने नंतर तो कागद सक्तीचा केला. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही.

उलट १९९७ चा ऑक्टोबर. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावावी असा सल्ला केंद्राने दिला, आणि के. आर. नारायणन यांनी तो फेरविचारासाठी परत केला. सरकारने पुन्हा पाठवलाच नाही. परत न आलेली फाईल, बाय. २००६ मध्ये कलामांनी लाभाच्या पदांचं विधेयक परत केलं, ते मात्र संसदेने तसंच पुन्हा पाठवलं आणि त्यांनी सही केली. म्हणून कलाम हरले असं मला वाटत नाही. कशावर सही होते आहे हे त्या निमित्ताने अख्ख्या देशाने वाचलं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण तो सरकारी कचेरीतल्या कोणालाही लगेच कळेल. १९८६ मध्ये टपाल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक संसदेत मंजूर झालं. लोकांची पत्रं अडवायचे जादा अधिकार सरकारला त्यातून मिळणार होते. झैलसिंग यांनी सही केली नाही, नकार दिला नाही, परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. किती दिवसांत सही करावी हे घटनेत लिहिलेलंच नाही, आणि ते विधेयक पुढे कायदा झालंच नाही. अर्थात २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात टपाल अडवायची तरतूद आहे, आणि त्यावर सही वेळेत झाली. मी हे पाकीट टपालानेच पाठवतो आहे.

आणि गोव्यात बसून तू तरी राष्ट्रपतींना नावं ठेवू नयेस. मुक्तीनंतर आपल्याकडे भारतातले कायदे लागू झाले ते १९६२ च्या राष्ट्रपतींच्या विनियमाने. तेव्हा इथे विधानसभाच नव्हती. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासितच ठेवायचा यावरचा जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून १९६६ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि गोव्यात पहिली राष्ट्रपती राजवट आली. मी तेव्हा चार वर्षांचा. तुझी आजी सांगायची की १६ जानेवारी १९६७ ला आमच्या घरातली सगळी मतं फुलाला पडली, महाराष्ट्राकडे. दोन पानं, म्हणजे वेगळा गोवा, ३४,०२१ मतांनी जिंकली. आजी नंतर कितीतरी वर्षं हळहळायची. आजोबा म्हणायचे, मतमोजणी चोख झाली ना, मग झालं. त्यांच्या त्या बोलण्यात दिल्लीच्या राजवटीचाही थोडा वाटा होता, असं मला आता वाटतं.

पुढे अशी राजवट आणखी चारदा आली. त्यातली १९९० च्या डिसेंबरातली मी आतून पाहिली. काय बदललं? मंत्र्यांच्या केबिनबाहेरचा शिपाई रिकामा बसला आणि फायली दोनापावलाकडे, काबोच्या राजभवनात जाऊ लागल्या. नाव राष्ट्रपतींचं, कारभार राज्यपालांचा. पगार मात्र एक तारखेला झाला. तुझी आई अजून म्हणते, त्या महिन्यात मी संध्याकाळी वेळेवर घरी यायचो.

आता शेवटचं, आणि हे तुझ्या पुस्तकात बहुधा कोष्टकात दडलेलं असेल. राष्ट्रपती निवडताना आपल्या आमदाराच्या मताची किंमत किती? २०. महाराष्ट्राच्या आमदाराची १७५, उत्तर प्रदेशच्या २०८. हिशेब १९७१ च्या जनगणनेवर चालतो: तेव्हाची गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२०, तिला ४० आमदारांनी भाग, मग हजाराने भाग, येतात १९.८७८, म्हणजे २०. चाळीस आमदारांची मिळून ८०० मतं. २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या एका मताची किंमत ७०० होती. आपले लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक, असे तिघे मिळून २,१००. म्हणजे पर्वरीतल्या अख्ख्या विधानसभेपेक्षा ते तिघे भारी! मी हे शेजारच्या भाटकारांना सांगितलं तर ते कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि दोनदा भागाकार करूनही त्यांचा विश्वास बसेना.

ही वीसही काही सुरुवातीपासून नव्हती. केंद्रशासित प्रदेशाच्या आमदारांना तेव्हा हे मतच नव्हतं. ३० मे १९८७ ला घटक राज्य झालो, त्या रात्री पणजीत फटाके वाजले ते कोणी या वीसांसाठी वाजवले नसतील. पण मला विचारशील तर त्या दिवशी मिळालेल्या गोष्टींत हीही एक होती. ज्याला तू सहीचा माणूस म्हणतेस, त्याला निवडण्यात डिचोलीचा आमदारही आला.

तुझ्या वाक्यातला 'सही करणारा' हा शब्द मला मान्य आहे. माझा आक्षेप 'येईल त्या कागदावर' याला आहे. दिवाळीला येशील तेव्हा बोलू. तिकीट आधी काढ, गेल्या वेळी तुला मागचं सीट मिळालं होतं.

आई बरी आहे. सोलं वाळली, पाव किलो पुढच्या महिन्यात पुण्याला येणाऱ्या मामाबरोबर पाठवते म्हणाली. पाकीट चिकटवतो. वाटेत कोणी उघडलंच तर त्याला सोलांचा हिशेब मिळेल.

तुझा,
बाबा