झरोक्यातला बोळा

देवरुख
१८ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, रविवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. निळ्या खुणा बंद करून टाकल्यास, त्यामुळे मेसेज वाचतेस की नाही ते कळायला मार्ग नाही. टॉमरावांना मेसेज केला, त्यांनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? काढला, काढतो, की नुसतंच वाचलं? आई म्हणाली, आता पुन्हा फोन लावू नका, पोरीला जरा श्वास घेऊ द्या. म्हणून पत्र लिहायला बसलोय.

तुमच्या फ्रान्सच्या घरातल्या लाकडाच्या स्टोव्हबद्दल यात काही लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवतो. भांडण व्हायच्या आधी तू बाकीचे प्रश्न विचारले होतेस, त्यांची उत्तरं राहिली आहेत तेवढी देतो.

संध्याकाळी मेन का पडतो, हा पहिला. वायरिंगला काही झालेलं नाही आणि मीटरही बिघडलेला नाही. तुझ्या बिलाचा फोटो भिंग लावून बघितला. तुमचा मंजूर भार ६ केव्हीए आहे, म्हणजे साधारण सहा किलोवॅट. इंग्लंडात घरगुती ग्राहकाला अशी वेसण नसते, मेन फ्यूजच ८०-१०० अँपिअरचा असतो, त्यामुळे टॉमरावांना याची सवय नाही. त्यांची लाडकी केतली एकटीच ३ किलोवॅट खाते. त्यात ओव्हन अडीच आणि गरम पाण्याची टाकी दोन, झाले साडेसात. तुमच्याकडचा तो लिंकी नावाचा स्मार्ट मीटर हिशेबाला पक्का असतो, तो लाईन तोडणारच. टाकी रात्रीच्या स्वस्त दरात तापेल अशी लावून घे. तेवढ्यानं भागलं नाही तर ९ केव्हीए माग, स्थिर आकार थोडा वाढेल. थंडीत बिलाच्या भीतीनं विजेचे हिटर बंद करून सगळे जण लाकडावर येतात हे मला समजतं, पण लाकडावर आलं की मग... जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलंय.

मिक्सरच्या प्लगची वरची जाड पिन करवतीनं कापली आणि उरलेल्या दोन दाबून बसवल्या, हे तू हसत सांगितलंस. मी हसलो नाही. त्यांच्याकडे अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली असते आणि प्लगला तिच्यासाठी भोक असतं. तसा प्लग दुकानातून आण आणि स्वतः जोड. हिरवी वायर कुठे जाते ते तुला सातवीपासून ठाऊक आहे. लाईनमनच्या मुलीनं अर्थिंग कापावं? लोक काय म्हणतील हा प्रश्न नाही गं, तिथे कोणाला काय कळणार आहे. मला कळलं ना.

निसर्ग वादळ आठवतं? जून २०२०. माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि बोर्डानं मंडणगडला पाठवलं. खांब आडवे, माडांवर तारा, वर लॉकडाऊन. तू लीड्सहून रोज रात्री फोन करायचीस. हातमोजे घातले होते का बाबा? काम सुरू करायच्या आधी लाईन अर्थ केलीत का? कोणाच्या घरचा जनरेटर उलटा करंट तर सोडत नाही ना? मी दमलेला असायचो, चिडायचो, पण सगळी उत्तरं द्यायचो. फोन ठेवायचो नाही.

हे टोमण्यासारखं झालं. वाईट वाटून घेऊ नकोस. कागद फाडून पुन्हा लिहिण्याइतका हात आता चालत नाही.

लाकडाचं सांगतो. लाकूडवाल्यानं तुम्हाला फसवलेलं नाही. स्तेर म्हणजे मीटरभर लांबीच्या ओंडक्यांची एक घनमीटर रास. तेच ओंडके अर्ध्या मीटरचे करून रचले की रास ०.८ भरते, ३३ सेंटिमीटरचे केले की ०.७. लाकूड तेवढंच राहतं, मधल्या फटी कमी होतात. तुम्ही पाच स्तेर मागवलंत, तुकडे ३३ चे मागितलेत, आणि रचल्यावर साडेतीन भरलं. चोख आहे हिशेब. टॉमराव टेप घेऊन मोजत बसले, विहीणबाईंनी त्या गृहस्थाला लबाड ठरवला आणि शेजारच्या यॉर्कशरवाल्यांनी दुजोरा दिला. वर्षानुवर्षं तिथे राहून त्यांनाही हे माहीत नव्हतं. तुमची ही इंग्रज मंडळी फ्रान्समधल्या अडचणी एकमेकांनाच विचारतात, हे मला मुळीच पटत नाही. चहा चांगला कुठे मिळतो ते त्यांना विचार. घर कसं चालवायचं ते समोरच्या म्हाताऱ्याला विचार, तो त्याच वाडीत जन्मलाय. तुझं फ्रेंच मोडकं आहे म्हणतेस. लीड्सला गेलीस तेव्हा इंग्रजी कुठे धड होतं?

ओक तोडल्यावर दोन वर्षं तरी वाळावा लागतो. पाणी २० टक्क्यांच्या खाली उतरलं पाहिजे. त्याचं एक छोटं मीटर मिळतं, दोन सुया लाकडात टोचायच्या की आकडा दिसतो. आपल्या आजीला मीटर लागत नव्हतं. मे महिन्यात आगोटीची लाकडं भरताना ती ऐनाच्या दोन ढलप्या हातात घेऊन एकमेकींवर आपटायची. ठण वाजलं की माळ्यावर, बद्द वाजलं की परत उन्हात. तू फ्रॉकच्या ओच्यात किंजळीच्या साली घेऊन तिच्या मागे फिरायचीस आणि दरेकाचा आवाज तोंडानं काढून दाखवायचीस. एकदा बद्द वाजलेलं लाकूड तू मुद्दाम माळ्यावर टाकलंस, ती ओरडते का बघायला. ती ओरडली नाही. त्या पावसात चुलीत तेच लाकूड लागलं, घरभर धूर झाला, तेव्हा तिनं तुला न्हाणीच्या दारात बसवून ठेवलं आणि म्हणाली, खोक आता.

त्या धुराला निदान वास होता, मुक्ता. डोळे चुरचुरायचे, माणूस आपणहून बाहेर पळायचा. मी ज्याबद्दल बोलतोय त्याला वास नाही आणि रंगही नाही.

बघ, आलंच शेवटी. आता आलंय तर लिहूनच टाकतो.

व्हिडिओवर तू नवा ओटा दाखवत होतीस तेव्हा मागे स्टोव्हशेजारच्या भिंतीतला झरोका दिसला. त्यात जुन्या टॉवेलचा बोळा कोंबलेला होता, निळ्या पट्ट्यांचा. गार वारा येतो म्हणून टॉमरावांनी कोंबला, असं तू म्हणालीस. तो वारा यायलाच पाहिजे. जाळाला हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. चिमणी काजळीनं अरुंद झाली असेल तर तो वर न जाता खोलीत उतरतो. रात्रभर ऊब राहावी म्हणून तुम्ही स्टोव्हची हवा बंद करून निखारे धुमसत ठेवता, त्यानं तर दोन्ही होतं, चिमणीत डांबरासारखी काजळीही धरते आणि हा वायूही वाढतो. बाहेर सगळ्या खिडक्यांना लाकडी झडपा लावलेल्या. आत तुम्ही तिघं.

शशीच्या वेळी तू आठवीत होतीस. बाथरूमचं दार कोणी फोडलं हे तुला सांगितलेलं नाही, आणि आता सांगून काय उपयोग. तिथेही वरची खिडकी थंडी लागते म्हणून कागद लावून बंद केली होती. गॅस गिझर चालू, पाणी वाहतंय, चेहऱ्यावर कसला त्रास नाही. झोपल्यासारखा. काकू अजून म्हणते, ओरडला असता तर ऐकू आलं असतं.

मी रविवारी आवाज चढवला तो एवढ्यासाठी. घर विका, परत या, हे बोलायला नको होतं, मान्य. पण तू बोलता बोलता सहज सांगितलंस की विहीणबाईंचं डोकं सकाळी जड असतं, मळमळतं, वयामुळे असेल. आणि नंतर म्हणालीस, शुक्रवारी बाजाराला नेलं की त्या दिवसभर कशा टवटवीत असतात. लाईनवर फॉल्ट शोधताना आम्ही हेच करतो, कुठे गेल्यावर बंद होतो आणि कुठे आल्यावर सुरू होतो ते बघतो. त्या दिवसभर स्टोव्हपाशीच विणत बसतात. डॉक्टरकडे ने, आणि घरात लाकडाचा स्टोव्ह आहे हे त्यांना आधी सांग, नाहीतर ते गोळ्या देतील. त्यांचा तो एस-वनचा कागद लागू झाला का? इंग्लंडची पेन्शन खाणाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च त्यावर भागतो ना? नसला झाला तरी पदरचे पैसे देऊन ने.

चिमणीचं म्हणशील तर यॉर्कशरवाल्यांनी दिलेला तो सफाईचा ओंडका जाळून भागत नाही. त्यानं काजळी सुटी होते, पण ब्रशानं खरवडून काढावीच लागते. रामोनर, म्हणजे तिकडचा चिमणी साफ करणारा, बोलाव. वर्षातून एकदा तरी ते काम करून घ्यायचंच असतं, आणि झाल्यावर तो दाखला देतो. आग लागली तर विमावाले पहिला तोच दाखला मागतात. धुराचा अलार्म तुमच्याकडे आहे, तो २०१५ पासून तिथे प्रत्येक घरात सक्तीचाच आहे. पण या वायूला तो वाजत नाही. त्याचा अलार्म वेगळा, पेटीवर ईएन ५०२९१ छापलेलं बघून घे. स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर लाव, आणि एक विहीणबाईंच्या खोलीत, उशीच्या उंचीला. पैशाचं बघू नकोस. बघत असशील तर मी पाठवतो.

मेरीतून, म्हणजे तुमच्या गावच्या कचेरीतून, मिळालेली घराच्या नंबराची पाटी अजून ड्रॉवरमध्येच आहे ना? ती आज फाटकावर ठोका. रात्री १८ किंवा ११२ लावलास तर येणारे पोंपिए, म्हणजे तिकडचे अग्निशमनवाले, बहुतेक गावातलेच स्वयंसेवक असतील हे खरं, पण अंधारात प्रत्येक फाटक सारखंच दिसतं. आमच्या गाडीनं तक्रारदाराचं घर शोधत किती रात्री घालवल्यात ते तुला माहीत आहे.

संडासाच्या टाकीबद्दल थोडक्यात. विहीणबाईंना ब्लीच ओतू नका म्हणून सांग, टाकीतले जंतू मेले की काम थांबतं. ओले पुसण्याचे कागद अजिबात टाकायचे नाहीत. घर घेतल्यापासून वर्षाच्या आत टाकीची दुरुस्ती करायची असं तपासणीच्या कागदात लिहिलंय ना? तारीख कॅलेंडरवर मांड.

खरं सांगायचं तर तू तिथे जे करतेस ते मी केलं नसतं. गेरेच्या सरकारी कचेरीत, त्या प्रीफेक्चरमध्ये, उभं राहून नवऱ्याच्या आणि सासूच्या कागदांसाठी फ्रेंचमध्ये भांडलीस, हे मी इथे बाजारपेठेत चार जणांना सांगितलंय. ब्रेक्झिटमुळे इंग्रजालाही आता आपल्यासारखाच राहण्याचा परवाना लागतो हे ऐकून, देव क्षमा करो, मला थोडं बरंही वाटलं. आणि ते मार्तां नादोंचं तू सांगितलेलं, तेही सांगतो सगळ्यांना. तुमच्या क्रोझ जिल्ह्याचा गवंडी, खासदार झाला, १८५१ मध्ये लुई नेपोलियननं सत्ता बळकावल्यावर हद्दपार होऊन इंग्लंडात फ्रेंच शिकवत राहिला. तिथले गवंडी वसंतात पायी पॅरिसला कामाला जायचे आणि थंडीत घरी यायचे म्हणालीस तेव्हा आई म्हणाली, म्हणजे पोरगी चाकरमान्यांच्याच मुलखात गेली की. तुझं घर त्यांच्यातल्याच कोणीतरी बांधलं असणार. सव्वा हात जाडीची ती दगडी भिंत बांधणाऱ्यानं झरोका उगाच ठेवलेला नाही.

पुन्हा तिथेच आलो. आई बाजूला बसून वाचतेय आणि कोपरानं ढोसतेय.

तिच्या गुडघ्याला बरं आहे. दादा शनिवारी येऊन गेला, त्याचं तेच चाललंय, तू विचारू नकोस. कुळथाचं पीठ आणि आमसुलं काढून ठेवली आहेत, कोणी येणारं भेटलं की देतो. टॉमरावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार. त्यांना म्हणावं बाबांनी तब्येत विचारली आहे, आणि बसायची जागा तेवढी खिडकीजवळ घ्या.

तुझे,
बाबा

ता. क. हे पत्र पोचायला दहा-बारा दिवस तरी जातील, म्हणून बोळ्याचं दादाकडूनही कळवलंय, त्याचा फोन उचल. अलार्म लावलास की त्याचं टेस्टचं बटण दाबून आवाज रेकॉर्ड कर आणि पाठव. सोबत एक शब्द लिहिला नाहीस तरी चालेल.