‘फेकणार काय?’ असं आधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मस्की या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी माशासाठी गरवायचं पहिलं रीळ कुठलं घेऊ, असं विचारणाऱ्याला तुम्ही कधीच थेट मॉडेल सांगत नाही. ‘फेकणार काय?’, म्हणजे ल्यूर (नकली आमिष) कुठलं वापरणार, एवढंच उलट विचारता. चार फुटांचा मासा आहे म्हणून दुकानातलं सगळ्यात मोठं रीळ उचलायला निघालेला माणूस तिथेच थांबतो. त्या एका प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत. पत्र उघडं लिहीत आहोत, कारण जूनमध्ये मिनेसोटातल्या मिनेटोंका, मिल लॅक्स किंवा लीच लेक या तलावांवर पहिल्यांदाच गरवायला उतरणाऱ्या मराठी मंडळींनाही ते वाचता यावं.

मस्कीला इकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. मासा लागल्यावरची झुंज काही मिनिटांची असते. बाकी दिवसभर रिळाला ओढायचं असतं ते ल्यूर. तुम्ही मांडून दाखवलेला हिशेब आम्ही आता प्रत्येक नवख्यापुढे ठेवतो. मिनिटाला एक फेक धरली तर आठ तासांत 480 फेकी. 30 यार्डांची फेक म्हणजे 1,080 इंच दोरी परत गुंडाळायची. हँडलच्या एका फेऱ्यात 29 इंच येत असतील तर एका फेकीला 37 फेरे, आणि दिवसाला 17 हजारांहून जास्त. दहा नंबरची दोन पाती असलेलं बकटेल (फिरत्या पात्यांचं, केसांच्या झुपक्याचं ल्यूर) पाण्यातून ओढताना मनगटावर येणारा भार इतक्या वेळा सोसायचा असतो. रिळाची निवड त्या भारावरून करायची, माशाच्या लांबीवरून नाही. हे इतकं स्पष्ट आम्हाला तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

हे 29 इंच कुठून येतात तेही तुम्हीच कागदावर मांडलं होतं. भरलेल्या स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चक्रीवर) दोरीच्या थराचा व्यास साधारण 1.6 इंच असेल तर परीघ झाला 5 इंच. 5.8 गिअर रेशोला (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल 5.8 वेळा फिरतं) एका फेऱ्यात 29 इंच दोरी येते, 7.6 ला 38 इंच. पण स्पूल अर्धवट भरलेलं असेल आणि व्यास 1.2 इंचांवर आला असेल, तर तेच 5.8 चं रीळ जेमतेम 22 इंच ओढतं. म्हणून 300 किंवा 400 आकाराचं लो-प्रोफाइल बेटकास्टर, म्हणजे रॉडवर बसणारं, फेकीत स्पूल स्वतः फिरणारं बसकं रीळ घ्यायचं. मस्की सहसा लांब पळत नाही, 80 पौंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी शंभर यार्ड असली तरी निभावतं. मोठं स्पूल हवं ते दोरी साठवायला नव्हे. लांब फेकीतही व्यास फारसा उतरू नये आणि आतले गिअर जाड असावेत, यासाठी ते हवं.

पहिल्या आणि एकुलत्या एका रिळासाठी 5.3 ते 6.4 यांच्या मधला रेशो, हा तुमचा सल्ला आम्ही पुरेपूर पाळतो. 7 च्या पुढचं रीळ दुकानात हातात धरल्यावर फार आवडतं, कारण रिकामं फिरवताना ते सुळकन फिरतं. पाण्यात दोन पात्यांचं बकटेल लावलं की तेच रीळ सायकल चढावर वरच्या गिअरमध्ये चालवल्यासारखं जड होतं. तासाभरात कोपर बोलू लागतो, मग माणूस हळू ओढू लागतो आणि पाती नीट फिरत नाहीत. ग्लाइडर (झटक्यासरशी डावी-उजवीकडे सरकणारं ल्यूर) किंवा पाण्याच्या वर चालणारी ल्यूरं असतील तर गोष्ट उलटी. तिथे ओढ कमी असते, प्रत्येक झटक्यानंतर सैल पडलेली दोरी चटकन गोळा करायची असते, आणि जलद रीळ खरंच कामाला येतं. पण ते दुसरं रीळ झालं, पुढच्या मोसमात घ्यायचं.

हँडलकडे नवखे बघतच नाहीत. 100 ते 110 मिलिमीटर लांबीचं, मुठीत मावेल अशा मोठ्या गोळ्यांचं हँडल असलं की तोच रेशो हलका वाटतो, कारण तरफ लांब झालेली असते. शिमानोचं ट्रँक्स, दाइवाचं लेक्सा, ओकुमाचं कोमोडो, आबू गार्सियाचं बीस्ट ही याच वर्गातली नावं. आबूचं जुनं गोल 6500 आणि 7000 सुद्धा आजवर मस्की काढत आलं आहे, फक्त हातात जाड लागतं. दीडशे ते तीनशे डॉलरच्या पट्ट्यात नवख्याचं काम होतं. डावं की उजवं याबद्दल एक बारीक खूण तुम्ही दाखवलीत: शिमानो आणि आबूच्या पुष्कळ मॉडेलांत आकड्याच्या शेवटी 1 असला, म्हणजे 401 किंवा 6501, तर हँडल डाव्या बाजूला. घाईत डबा उचलणाऱ्यांना ही खूण फार उपयोगी पडते.

रायगडात जिताडा गरवलेली मंडळी इथे सोबत आपलं स्पिनिंग रीळ (रॉडखाली बसणारं, फेकीत स्पूल स्थिर राहणारं) घेऊन येतात. त्यांना तुम्ही ‘चालणार नाही’ म्हणून सोडून देत नाही, कारण समजावता, याबद्दल वेगळे आभार. सहा-आठ औंसांचं ल्यूर फेकताना स्पिनिंगची दोरी तर्जनीवर धरावी लागते आणि ब्रेडेड दोरी बोट कापते. फेकीच्या मध्येच बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, मिटली तर दोरी तुटून ल्यूर तळ्यात जातं. शिवाय जड ओढ असताना दोरी रोलरवर काटकोनात वळते, सगळा ताण तिथे आणि रोटरवर येतो. बेटकास्टरमध्ये दोरी सरळ स्पूलवर येते आणि स्पूलवर अंगठा असतो.

आता दोरी भरण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. ब्रेडेड दोरी थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर मासा लागताच अख्खा गुंडाळा स्पूलभोवती फिरतो. माणसाला वाटतं ड्रॅग (मासा ओढताना ठरावीक ताणाला दोरी सोडणारी पकड) गेला, आणि तो चांगलं रीळ परत करायला निघतो. आधी 10 ते 15 यार्ड तंगूस (नायलॉनची दोरी) घट्ट गुंडाळायचं, त्याला युनी गाठीने ब्रेडेड जोडायची आणि ओल्या फडक्यात दाबून, ताणाखाली भरायची. काठापासून 1/8 इंच मोकळं सोडायचं. सैल भरलेली दोरी ताण आला की आतल्या थरात रुतते. पुढच्या फेकीला ती तिथेच अडकते, स्पूल खाडकन थांबतं आणि ल्यूर एकटंच उडत जातं. म्हणून गळ तळाशी अडकला तर रिळाने ओढायचं नाही. दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून नाव मागे घ्यायची, आणि नंतर 40 यार्ड दोरी बाहेर काढून पुन्हा घट्ट भरायची.

ब्रेक लावण्याची तुमची रीत सोपी आहे. रॉड आडवा धरायचा, ल्यूर टोकाखाली फूटभर लोंबू द्यायचं, स्पूल मोकळं करणारं बटण दाबायचं. ल्यूर सावकाश उतरलं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं की बाजूची, स्पूलचा ताण ठरवणारी खुंटी बरोबर बसली. ल्यूर बदललं की ही जुळणी पुन्हा करायची. आतले ब्रेक सुरुवातीला जास्तच ठेवायचे. आणि ल्यूर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर हवाच, याला कुठलाही ब्रेक पर्याय नाही. सुरुवातीचे बहुतेक गुंते या एका क्षणातले असतात. 8 फूट 6 इंच किंवा 9 फुटांचा हेवी रॉड असेल तर चाबकासारखा झटका देऊच नये, मोठा गोल झोका घेऊन सोडावं.

ड्रॅगबाबतही तुम्ही डब्यावरच्या आकड्याचा मोह काढलात. 20-25 पौंड लिहिलेलं असावं, पण ते राखीव बळ. गळ त्या हाडासारख्या जबड्यात रुतण्यासाठी ड्रॅग घट्टच लागतो. दोरीच्या टोकाला वजनकाटा लावून रिळातून सरळ ओढल्यावर 12 ते 15 पौंडांना सुटेल इतका ठेवला की पुरतं. दोरी हाताला गुंडाळून मात्र ओढू नये. नावेशेजारी ल्यूरने पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढताना मासा लागला तर बाहेर दोरी फूट-दीड फूटच असते, ताण झेलायला काहीच नसतं. तेव्हा बटण दाबून अंगठ्याने स्पूल सोडत जायचं. यासाठीच बटण रुंद असावं, हातमोज्यातूनही सापडेल असं.

नोव्हेंबरच्या गारठ्याचा इशारा दुकानात कुणी देत नाही, तो तुमच्याकडून मिळाला. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगमध्ये जाड ग्रीस गेलं तर थंडीत ते घट्ट होतं, रोलर पकडत नाहीत आणि ऐन झटक्याला हँडल उलटं सुटून बोटांवर बसतं. तिथे पातळ तेलाचा एकच थेंब, ग्रीस फक्त मुख्य गिअरना.

आणखी एका गोष्टीबद्दल तुमचे ऋण मोठे. हे सगळं तुम्ही माशासाठी सांगता. इथल्या बहुतेक तलावांत 54 इंचांहून लहान मस्की सोडावाच लागतो, आणि मोठाही बहुतेक जण सोडतात. कमी ताकदीच्या रिळावर झुंज लांबली तर पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो. पाण्याचा पृष्ठभाग 80 फॅरनहाइटवर, म्हणजे 27 सेल्सिअसच्या आसपास गेला की तुम्ही गरवणं थांबवता आणि आम्हालाही थांबवता. रीळ विकत घेताना त्याच पावतीवर रबरी जाळीचा मोठा झेला, लांब पक्कड आणि गळ कापायचं कटर यांची किंमत धरायला लावता. बजेट त्यामुळे पन्नास डॉलरनी जरी ओढलं गेलं, तरी ते रिळातून कमी करा, कटरमधून नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही जसंच्या तसं पुढे सांगतो.

1 डिसेंबरला मोसम संपला की सगळी रिळं ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायची, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. लेव्हल-वाइंडच्या (दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाच्या) नागमोडी दांड्यातली घाण ब्रशने काढून पॉल (दांड्याच्या खाचेत चालणारा दात) झिजला आहे का ते बघायचं. त्या दिवशी आम्ही नवख्यांची चार रिळं उघडून बसणार आहोत. तुम्ही आलात तर त्यांना गिअर प्रत्यक्ष दाखवता येतील.

आपले कृतज्ञ,
मिनेसोटातले मराठी गरवणारे