तो फॉर्म माझ्या बाजूला फिरवल्याबद्दल

मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण काल थिसिस मान्य झाल्याचा मेल आला आणि डोळ्यासमोर पहिलं काय आलं तर तुमच्या टेबलावरचा तो चुरगळलेला फॉर्म, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं, नाहीतर हे राहूनच जाईल.

माझा विषय तसा साधा होता. वर्षानुवर्षं पेनकिलर खाणाऱ्यांना किडनीचा जुनाट आजार जास्त होतो का, एवढंच. केस म्हणजे किडनीचे पेशंट, ते मिळाले. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तो आजार नसलेले लोक, कुठून आणायचे असं गाईडना विचारलं तर म्हणाले, "कुठूनही घे गं, वय आणि लिंग मॅच कर म्हणजे झालं." मग मी कुठूनही घेतले. शेजारीच हाडांची ओपीडी होती, तिथे लोक तासन् तास नंबर लागायची वाट बघत बसलेले असतात, गप्पा मारतात, फॉर्म भरू देतात, मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. दीड वर्ष त्यात गेलं. आणि रिझल्ट काय आला, तर पेनकिलर खाणाऱ्यांना किडनीचा आजार कमी होतो! ऑड्स रेशो, म्हणजे गोळी आणि आजार यांचा संबंध मोजणारा आकडा, चक्क एकाच्या खाली. म्हणजे माझ्या थिसिसवर विश्वास ठेवला तर किडनी सांभाळायला माणसाने रोज एक गोळी घ्यावी.

गाईड म्हणाले "इंटरेस्टिंग" आणि फोन घ्यायला बाहेर गेले. दुसरे एक मोठे तज्ज्ञ, ज्यांच्यासाठी मी तीन आठवडे थांबले होते, त्यांनी दोन मिनिटांत निदान केलं की मॅचिंग कमी पडतंय, ब्लड प्रेशर मॅच करा, राहायचा भाग मॅच करा, शक्य असेल तर दोघांचा फॅमिली डॉक्टरही एकच बघा, आणि एका केसला दहा कंट्रोल घ्या. फॉर्मकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी खरंच परत कामाला लागले असते हो, आणखी वर्षभर चुकीच्या दिशेने, आणि आधीपेक्षा जास्त मेहनतीने.

तुमच्याकडे आले ती एक्सेल शीट घेऊन. तुम्ही लॅपटॉप बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "फॉर्म आणलेत का?" फॉर्म बॅगेत तळाशी होते, कारण तोवर ते कोणी मागितलेच नव्हते. तुम्ही कंट्रोलचे पहिले वीस काढलेत आणि प्रत्येकावरची एकच ओळ मोठ्याने वाचत गेलात, ओपीडीत यायचं कारण. गुडघा. कंबर. गुडघा. मान. खांदा. गुडघा. मला अजून काही कळत नव्हतं, मी आपली मान डोलावत होते. मग तुम्ही एका आजींचा फॉर्म उचललात, तो उलटा फिरवून माझ्यासमोर ठेवलात, पेन खाली ठेवलंत आणि गप्प बसलात. बाहेर लिफ्टचं दार दोनदा वाजलं तेवढा वेळ. त्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात होतं, गुडघेदुखी नऊ वर्षं, रोज गोळी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंट्रोल हवेत कशाला, तर केस ज्या लोकांमधून आल्या त्या लोकांत एरवी किती जण पेनकिलर खातात हे कळायला. आणि मी शोधून शोधून दुखतंय म्हणूनच आलेली माणसं गोळा केली होती! शिवाय किडनीच्या पेशंटना डॉक्टरांनी गोळ्या कधीच्या बंद केलेल्या, आणि मी विचारत होते "सध्या घेता का?" दोन्ही चुका एकाच बाजूला ओढणाऱ्या.

मला रडू आलं तेव्हा तुम्ही समजूत वगैरे घातली नाहीत, 1981 ची गोष्ट सांगितलीत. हार्वर्डच्या मॅकमहॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्टडी, कॉफी आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर, बराच गाजलेला. त्यात कंट्रोल म्हणून त्याच डॉक्टरांचे इतर पेशंट घेतले होते, पण ते पोटाचे डॉक्टर, त्यांच्या बऱ्याच पेशंटनी पोटाच्या त्रासापायी कॉफी आधीच कमी केलेली, त्यामुळे केसवाले लोक भारीच कॉफी पिणारे दिसले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. "तुमची चूक त्याचीच उलटी आवृत्ती आहे, संगत चांगली आहे," असं म्हणालात आणि मला रडता रडता हसू आलं.

दीड वर्षात मला हुशार माणसं कमी भेटली असं नाही, भरपूर भेटली. चूक दाखवणारेही भेटले, पण ते चूक दाखवताना स्वतःच जास्त दिसत होते. समोरच्याची चूक त्याची त्याला सापडू द्यायची आणि तोवर तोंड मिटून बसायचं, हे किती लोकांना जमतं? मला वाटतं यालाच चांगुलपणा म्हणत असावेत, तो गोड बोलण्यात असतो असं मला उगाच वाटायचं.

पुढचं सगळं भराभर झालं. नवे कंट्रोल केस ज्या वस्त्यांमधून आल्या तिथलेच, यादीतून सोडतीने काढलेले. प्रत्येकासाठी एक तारीख ठरवून त्याआधीच्या गोळ्या विचारल्या. मॅचिंग फक्त वय पाच वर्षांच्या टप्प्यात आणि लिंग, बस. ब्लड प्रेशर मॅच करू नका असं तुम्ही बजावलंत, कारण या गोळ्यांनीच ते वाढू शकतं, मग किडनीपर्यंत जाणारा एक रस्ता आपणच बंद केल्यासारखं होईल. आणि डॉक्टर एकच घेतला तर जोडीतले दोघंही त्याच गोळ्या खाणारे निघतील, आणि जिथे दोघंही खातात किंवा दोघंही खात नाहीत ती जोडी मॅच्ड अॅनालिसिसमध्ये, म्हणजे जोडी-जोडीने तुलना करताना, काही सांगतच नाही. हे त्या मोठ्या तज्ज्ञांना माहीत नसेल असं नाही, त्यांना फक्त वेळ नव्हता.

दहा कंट्रोलचा हिशेब तर तुम्ही पाकिटाच्या मागे मांडलात. हवे तितके कंट्रोल घेऊन जेवढी अचूकता मिळाली असती तिच्या, एका केसला एक कंट्रोल घेतला तर 50 टक्के, दोन घेतले तर 67, तीनला 75, चारला 80, पाचला 83, म्हणजे चारच्या पुढे नुसती दमछाक. केस कमी आहेत म्हणून मी कुरकुरले तेव्हा 1971 मधला हर्बस्ट यांचा स्टडी काढलात. योनीमार्गाच्या दुर्मीळ कॅन्सरच्या आठच तरुण मुली, प्रत्येकीला चार कंट्रोल, त्याच हॉस्पिटलमध्ये पाच दिवसांच्या आतबाहेर जन्मलेल्या. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस हे औषध घेतलं होतं, आणि 32 कंट्रोलपैकी एकीच्याही आईने नाही. आठ केस! मी गपचूप घरी गेले.

आणि एक, जे तुम्हाला वाटतं मला माहीत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं की कंट्रोल मधेच का बदलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूक त्यांची त्यांनाच सापडली." मी दाराबाहेर उभी होते, ऐकलं मी.

आता ज्युनिअर मुलं माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. परवा एकाचा फॉर्म मीही फिरवून त्याच्यासमोर ठेवला, पेन खाली ठेवलं आणि गप्प बसले. दहा सेकंदांत तोंडातून उत्तर निघून गेलं, मॅडम. अजून सराव लागणार.

तुमची,
वीस गुडघेवाली