ब्लीच करायच्या आधी: वैशूला पत्र

सोलापूर,
सोमवार

प्रिय वैशू,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. पेपरात गुंडाळलेली केसांची लट बाहेर पडली आणि आमच्या सासूबाईंनी थेट देवघराकडे बघितलं. त्यांना वाटलं, कुणीतरी करणीच केली. "अहो आई, वैशूचे केस आहेत, तपासायला पाठवलेत," म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तर जास्तच काळजी." असो. मुळाकडून दोरा बांधून पाठवलीस हे फार बरं केलंस, नाहीतर कुठलं टोक कुठलं हे मला कळलंच नसतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. तिकडचं पार्लर म्हणतंय ना, की एका बैठकीत अख्खं डोकं ब्लीच करून राखाडी-तपकिरी करून देतो, म्हणजे पांढरे त्यातच मिसळून जातील? नको. आत्ता तर नकोच, आणि एका बैठकीत तर मुळीच नको. पण नुसतं नको म्हटलं की तू मुद्दाम करतेस, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून लटीचं काय काय झालं ते सगळं सांगते.

पहिल्यांदा चार केस काचेच्या वाटीत ६ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकले, वरून अमोनियाचे थेंब, आणि अर्धा तास नजर ठेवून बसले. बाजारात मेंदी म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत आणि केस 'हळूहळू काळे' करणाऱ्या काही लोशनांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, बुडबुडे येतात, घाण वास सुटतो. वाटीत झालं तर वाटी फेकून देता येते, डोक्यावर झालं तर टाळू भाजते. तुझ्या केसांनी तसलं काही केलं नाही. चांगली बातमी इथेच संपली.

मग २० वॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये (म्हणजे तेच ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड) ब्लीचची पूड कालवली, ती बाकीच्या लटीला लावून लट फॉइलवर पसरली आणि दर दहा मिनिटांनी पुसून बघत गेले. मुळाकडची चार बोटं अगदी शहाण्यासारखी वागली. काळ्याचा लालसर झाला, लालसरचा नारिंगी, मधले पांढरे केस पांढरेच राहिले. म्हणजे उन्हाळ्यापासून मेंदी बंद केलीस म्हणतेस ते खरं आहे! त्याखालचा लांबलचक पट्टा मात्र काही केल्या उतरेना. मेंदीचा विटकरी तसाच चिकटून आणि त्यावर शेवाळी हिरवट छटा. ती नीळ, केस काळे करायला लावतात ती इंडिगोच्या पाल्याची पूड. मेंदीवर नीळ लावून काळे केलेले केस ब्लीच केले की पुष्कळदा हा हिरवा वर येतो आणि मग तो घालवता घालवता नाकी नऊ येतात. शेवटची वीतभर टोकं धुतल्यावर चिमटीत धरून ओढली. चांगला ओला केस साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. तुझी टोकं ताणली गेली, ताणतच गेली, आणि पचकन तुटली. तुटलेला तुकडा बोटाला चिकटून राहिला. पुतण्याच्या मुंजीआधी केलेलं ते स्मूदनिंग, केमिकल लावून केस सरळ करायचं, आठवतंय ना? ते अजून तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे वैशू, की आता कोणता रंग लावायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, या केसांवर आजवर काय काय होऊन गेलंय. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. तुझे दीड फुटाचे. म्हणजे टोकाकडचा केस तीन वर्षांहून जुना, आणि तेव्हापासूनचं प्रत्येक न्हाणं, प्रत्येक नीळ, प्रत्येक इस्त्री त्याने सोसलेली. डोक्यातून बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्यामुळे तो स्वतःहून बरा होत नाही. कातडीवरची जखम भरते, केसाची भरत नाही. आणि पार्लरमध्ये खुर्चीत बसलीस की सगळ्या केसांवर एकच मिश्रण फासतात. मुळाशी जे ठीक चाललंय तेच टोकाला जाऊन केस विरघळवतं.

आत नेमकं काय होतं तेही ऐक, म्हणजे त्या पोरी 'आमचं ब्लीच डॅमेज-फ्री आहे' म्हणाल्या की तुला हसू येईल. केसाच्या वरच्या आवरणात कौलारू घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले पापुद्रे असतात. त्यावर तेलासारखा एक अतिशय पातळ थर असतो, त्यामुळेच केस निसटता, चकचकीत लागतो. अमोनियासारख्या अल्कलीने केस फुगतो, पापुद्रे उचलले जातात आणि पेरॉक्साइड आत शिरून काळं रंगद्रव्य फोडतं. पर्मनंट डाय असेल तर त्याचे छोटे रेणू आत जाऊन एकमेकांत अडकून मोठे होतात आणि तिथेच राहतात. ब्लीचमध्ये पर्सल्फेटही असतं, ते फार जोरकस. रंगद्रव्याबरोबर केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, धरून ठेवणारे गंधकाचे बंधही ते तोडतं, आणि असा जळलेला बंध पुन्हा पूर्वीसारखा जुळत नाही. वरचा तेलकट थर जातो तोही कायमचाच. म्हणून ब्लीच केलेला केस पाणी पटकन पितो, फुगतो, वाळायला वेळ लावतो आणि गुंततो.

'अमोनिया नाही' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी भुलू नकोस. त्यात बहुधा इथेनॉलअमाइन नावाची दुसरी अल्कली असते. तिचा वास येत नाही एवढंच. डोळ्यांतून पाणी न काढता तीही केस फुगवतेच.

आणि ते 'बाँड ट्रीटमेंट', तुटलेले बंध जोडतं म्हणतात ते. मी स्वतः वापरते, ब्लीचमध्ये घातलं तर मदत होते, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या पार्लरवाल्यांनी ते विम्यासारखं विकलं, तिथे माझं डोकं फिरलं. तुझ्या टोकांमध्ये जोडायला बंधच किती उरलेत?

मग करायचं काय? तुला पांढरे लपवायचा कंटाळा आलाय, दर तीन आठवड्यांनी भांगातली ती पांढरी रेघ नकोशी झालीये, हे मला पटतं. उलट मला आनंद झाला. पण त्यासाठी राखाडी रंगच का? काळा केस उजळत जातो तो लाल, नारिंगी, पिवळा, मग फिकट पिवळा अशा वाटेने. राखाडी छटा स्वच्छ दिसायची तर जवळपास शेवटपर्यंत जावं लागतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्या शेवटच्या टप्प्यात होतं. तांबूस, मधाळ रंग अर्ध्या वाटेतच भेटतो. तुझ्या गव्हाळ रंगाला तो शोभतोही जास्त. राखाडीत तू आजारी दिसशील, हे माझं मत, तुझ्या नवऱ्याला विचार हवं तर.

म्हणून माझा बेत असा. टोकं काप. खांद्यापर्यंत ये, रडू नकोस. स्मूदनिंगवाला भाग तेवढ्यात संपेल. नीळ कायमची बंद. आत्ता चार बोटं कोरे केस आहेत, त्यांना वाढू दे. मधल्या काळात भांगासाठी ३ टक्क्यांच्या डेव्हलपरचा डेमी-पर्मनंट रंग लावू. तो पांढरे पूर्ण झाकत नाही, नुसते धुरकट करतो, आणि धुता धुता उतरतो, त्यामुळे कडक रेघ पडत नाही. आणि नंतर, कोरे केस हातभर झाले की, बारीक बारीक लटा फॉइलमध्ये घेऊन फक्त तेवढ्याच उजळायच्या, तेही २० वॉल्यूमवर. ४० वॉल्यूम म्हणजे १२ टक्के. काम लवकर होतं म्हणून ते टाळूजवळ लावणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. डोक्याच्या उबेने मुळाशी ब्लीच आधीच जोरात चालतं, म्हणून लावताना मधला भाग आधी, मुळं शेवटी. कुणी मुळापासून सुरुवात केली तर उठून चालायला लाग.

डेमी असो की पर्मनंट, आधी चाचणी केल्याशिवाय मी हात लावणार नाही. पीपीडी नावाचं द्रव्य बहुतेक गडद डायमध्ये असतं, आणि बाजारातल्या 'काळी मेंदी'तसुद्धा. खरी मेंदी काळी नसतेच गं, ती तांबूसच रंगते. जत्रेत हातावर मिनिटांत काळी होणारी नक्षी काढून देतात, त्यातही तेच असतं. एकदा का त्याची ॲलर्जी बसली की ती आयुष्यभराची. पुढच्या वेळी डाय लावल्यावर पापण्या सुजून डोळे मिटतात, कानामागे पाणी सुटतं. म्हणून रंगाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आत लावून ४८ तास वाट बघायची. दरवेळी. 'मी तर वर्षानुवर्षं लावतेय' याला काही अर्थ नाही, ती कधीही सुरू होते. आणि भुवयांना हे डाय लावायचे नाहीत, कितीही पांढऱ्या झाल्या तरी.

आता तेलाचं. तुझ्या आईंना सांग, त्या जिंकल्या. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. केस धुताना जे प्रथिन निघून जातं ते खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतसुद्धा. बाकी दोन्हींनी नाही. कंपनी खोबरेलच विकते हे डोक्यात ठेवूनच वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे: त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, ती दोन्ही तेलं मात्र बहुतेक वरच राहतात. तेव्हा न्हायच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल लाव. टाळूला थापायची गरज नाही. अंडं, दही यांच्या भानगडीत पडू नकोस, त्यांची प्रथिनं आत जाण्याइतकी लहान नसतात, नुसता वास राहतो. शिकेकाई आवडत असेल तर उकळून गाळलेलं पाणी घे. पावडर रगडलीस तर उचललेले पापुद्रे आणखी खरवडले जातात.

पाण्याकडे मात्र तू लक्षच दिलेलं नाहीस. तुझ्या सोसायटीत टँकर येतो ना? इथे आम्हीही उजनीचं पाणी नसेल त्या दिवशी बोअरवर असतो, त्यामुळे मला हे रोज दिसतं. जड पाण्यातलं कॅल्शियम, तांबं हे खराब झालेल्या केसांवर जास्त बसतं, आणि तांबं असलेल्या केसावर पेरॉक्साइड लावलं की नुकसान वाढतं. रंग लावायच्या आठवड्यात एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरायचा, नेहमी नाही, आणि शेवटचा तांब्या प्युरिफायरच्या पाण्याचा ओतायचा. पण ब्लीचच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी न्हायचं नाही, टाळूवरचं तेल तिला वाचवतं.

न्हाल्यावर आपल्या आया अंगणात उभं राहून केस पंचाने झोडपायच्या, ते आता बंद. ओला केस सगळ्यात दुबळा. जुना सुती टी-शर्ट गुंडाळ, दाबून पाणी काढ, कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत ये. ओल्या केसावर इस्त्री फिरवणाऱ्या बायका बघितल्या की मला चुर्र आवाज ऐकूनच कसंतरी होतं. तुझा तो स्कूटीवरचा पुणेरी स्कार्फ मात्र सोडू नकोस. उन्हाने रंग उडतो आणि केसही कोरडा होतो. फक्त तो सिंथेटिक, खरखरीत प्रकार टाकून दे आणि मऊ सुती घे.

जांभळा शाम्पू आणलास असं लिहिलं आहेस, तो सध्या ठेवून दे. तो पिवळेपणा मारतो. तुझ्या डोक्यात अजून पिवळं काही नाहीच.

डेमीची शेड मी फोटोवरून सांगणार नाही. तुझ्या बाथरूमच्या दिव्यात सगळंच तांबडं दिसतं. दिवाळीला माहेरी येशील तेव्हा एक अख्खी दुपार माझ्याकडे राहा, खिडकीजवळ बसवून बघते. चाचणीला दोन दिवस लागतात, तर आल्या दिवशी संध्याकाळीच चक्कर टाक, कानामागे ठिपका लावून सोडते. तोवर टोकं तिथेच कुणाकडून तरी कापून घेतलीस तरी चालेल, पण कात्री फक्त टोकांना लावायची हे त्यांना दोनदा सांग. लेयर्स नकोत.

काका-काकूंना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
अर्चू